न दिलेली ओ

आमच्याकडे उसात शिरलेल्या माणसाला बांधावरून हाक मारत राहतात. नावाने नाही, नुसता लांब पोचणारा आवाज, कूऽऽऊ असा. त्याला कुकारा म्हणतात. आतल्या माणसाने त्याला ओ द्यायची. मग बांधावरचं माणूस जरा थांबतं, परत कुकारा घालतं, आतून परत ओ येते. पाणी धरून माणूस बाहेर येईपर्यंत हे असंच चालतं. जुन्नर तालुक्यात उसाबरोबर बिबट्याही वाढला, आणि त्याच्याबरोबर राहायच्या ज्या काही रीती आम्ही लावून घेतल्या त्यातली ही एक. एकट्याने गप्प चालायचं नाही, उसाच्या कडेला खाली बसायचं नाही, रांगेत चालताना म्हाताऱ्या माणसाला शेवटी ठेवायचं नाही आणि कुकाऱ्याला ओ द्यायची. हातातलं काम राहिलं तरी चालेल.

ओ आली नाही तर काय समजायचं, हे आमच्या पिंपरी पेंढारमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. दोन मळे सोडून राहणारी एक बाई गवत कापायला वाकली होती. तिची सासू बांधावरून कुकारा घालत होती. तीन कुकारे झाले तरी ओ आली नाही. पुढचं मी लिहीत नाही. माझी आई त्या सासूजवळ दहा दिवस जाऊन बसत होती आणि घरी आली की जेवत नव्हती.

हे सगळं आधीच सांगून टाकतोय, कारण पुढे कुठेतरी ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायचा मोह मला होणार, आणि ती सोय मला ठेवायची नाही.

मी मंचरला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. रोज मोटरसायकलवर जातो-येतो. हायवेच्या गर्दीत कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत ऑफिसात पोचलो की मी वेगळा माणूस होतो. घरी ‘व्हतं’ म्हणणारा मी तिथे ‘होतं’ म्हणतो. त्यात काही वाईट नाही, सगळेच तसं करतात. पण मी त्याच्या पुढे गेलो. पुण्याहून नवीन साहेब आले, चांगले, हसतमुख, आणि त्यांना आमच्या भागातल्या बिबट्याचं फार कुतूहल. चार वाजता चहा आला की ते म्हणायचे, “काय, आज काय बातमी तुमच्या वाघोबाची?” आणि मी सुरू व्हायचो. गावातली माणसं कशी चालतात, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून परसाकडला कशी जातात, बायका कुकारा कसा घालतात, सगळं नक्कल करून दाखवायचो. कुकारा तर मी उभा राहून, कानावर हात ठेवून घालायचो. कॅशिअर हसून हसून टेबलावर डोकं टेकायचा. साहेब डोळे पुसायचे. ती नक्कल कुणाची होती हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पदर खोचायची आणि मान जराशी वाकडी करायची लकब आईचीच होती.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसची सहल ठरली. सहकुटुंब, दोन दिवस, कोकणात समुद्रावर. आईने समुद्र पाहिलेला नव्हता. तिची मोठी यात्रा म्हणजे ओझरचा गणपती आणि तिथून परत. बायको म्हणाली, “अहो, आईंना घेऊन जाऊ. परत कधी योग यायचा?” मी हो म्हणालो, पण ते हो कसं निघालं ते बायकोला बरोबर कळलं. 

आईने आठ दिवस आधीपासून तयारी केली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे, नवी चप्पल आणि तिची काठी. ही काठी वडिलांनी केलेली, बांबूची. तिच्या वरच्या टोकाला आमच्या जुन्या बैलाच्या माळेतली चार घुंगरं तारेने बांधलेली. आवाज करत चाला असं सगळेच सांगायला लागले, तेव्हा वडिलांनी ती बांधून दिली. ते गेल्यावर आई शेजारच्या घरी साखर मागायला गेली तरी काठी घेऊन जाते.

मंचरहून पहाटे मिनीबस निघाली. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर काठी वाजायला लागली. मागच्या सीटवरून कॅशिअर म्हणाला, “पालखी निघाली वाटतं.” सगळे हसले. आईही हसली, तिला वाटलं कौतुकच चाललंय. मीही हसलो. वाटेत जेवायला थांबलो तेव्हा आईने फडकं सोडलं आणि कांद्याचा वास सुटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम, म्हणजे साहेबांच्या पत्नी, स्वतः उठून आल्या आणि म्हणाल्या, “आई, मला अर्धी भाकरी द्याल का?” त्यांनी ती आवडीने खाल्ली, चटणी परत मागून घेतली. तरी माझी लाज काही गेली नाही. ती त्या लोकांनी दिलेली नव्हतीच, मी घरून बांधून आणली होती.

श्रीवर्धनच्या अलीकडे रस्ता एका कड्यावर चढतो. तिथे बघायला जागा केली आहे, रेलिंग आहे, एक चहाची टपरी आहे. तिथून पायवाटेने खाली उतरलं की वाळूचा किनारा. बस थांबली. आई काठी घेऊन उठली तशी घुंगरं वाजली, आणि दारात उभे असलेले साहेब मागे वळून बघायला लागले. मी काठी तिच्या हातातून घेतली आणि सीटखाली सरकवली.

“आई, इथे नको ही. लोक बघतात.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्याशी मी असं ऑफिसातलं मराठी बोललो याचं तिला नवल वाटलं असावं. 

रेलिंगला दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली. खाली सगळा समुद्रच होता, उन्हात पांढरा झालेला.  मग म्हणाली, “पल्याड काठ न्हाई ह्याला?”

“नाही.”

“एवढं पानी आन् बांध न्हाई कुटं. तरी हाय तितंच ऱ्हातंय.” तिने पदराने तोंड पुसलं. “पाय भिजवू या त्यात. एवढ्या लांब आलो तर पाय भिजवून जाऊ.”

सगळे उतरायला निघाले. पायवाटेच्या तोंडाशी आई थबकली. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, डोक्याइतक्या उंच, आणि वाट मधून वळत खाली गेलेली. आत दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आई म्हणाली, “काठी आन माझी.”

ड्रायव्हर बस बंद करून कुठेतरी गेला होता. हे खरं होतं. पण शोधला असता तर सापडला असता, तो काही परमुलखात गेला नव्हता. मी शोधला नाही. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आई, समुद्राकाठी बिबट्या कुठून येणार? तो काय पोहायला येतो?”

हशा झाला. चांगला मोठा झाला. आई क्षणभर त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “तुमी जा. मी हाय हितं. गुडघं बी दुखत्यात.”

त्या दिवशी तिचे गुडघे दुखत नव्हते. सकाळी बसच्या पायऱ्या ती माझ्याआधी चढली होती. आणि ती थांबते म्हणाल्यावर मला बरं वाटलं. हे लिहिताना मान खाली जाते, पण बरं वाटलं हे खरं आहे. बायको म्हणाली, “मी थांबते आईंजवळ.” आईने तिला ढकललंच. “जा गं तू. खाली पोचल्याव आवाज द्या म्हंजी झालं.”

वीसेक मिनिटांत आम्ही खाली पोचलो. किनारा मोकळा होता. पँटी गुडघ्यापर्यंत वर गेल्या, फोटो सुरू झाले, मॅडम शिंपले वेचायला लागल्या. साहेबांनी मला जवळ बोलावून खांद्यावर हात टाकून फोटो काढला. आवाज द्यायचा राहिला. राहिला म्हणजे विसरलो नव्हतो. बायकोने एकदा वर बोट केलं होतं, मी “देतो, देतो” म्हणालो होतो.

मग वरून कुकारा आला.

लाटांच्या आवाजात तो तुटत होता, पण मला लगेच कळला. आईचा कुकारा मी पाळण्यापासून ऐकतोय. कड्यावर रेलिंगपाशी एक बारीक आकृती दिसत होती, पदर वाऱ्याने उडालेला. वारा समुद्रावरून वर कड्याकडे जात होता. मी नुसती साधी ओ दिली असती, तरी त्या वाऱ्याने ती वर नेऊन पोचवली असती.

कॅशिअरने कान टवकारले. “अरे ऐका, ऐका! हे तर आपल्या चार वाजताच्या चहाचं!” आणि त्याने कानावर हात ठेवून, मान वाकडी करून, मी दाखवायचो तस्सा कुकारा घातला. माझीच नक्कल, जशीच्या तशी. सगळे हसत सुटले. पण लाटेकडे तोंड करून घातलेला तो आवाज कुठेच पोचला नाही.

वरून दुसरा कुकारा आला, जरा लांबलेला.

साहेबांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. “कोण आहे हो ती? तुमच्या आई तर नव्हेत?”

“नाही हो साहेब,” मी म्हणालो. “आई टपरीत बसली असेल. ही गुरं राखणारी असेल कुणीतरी.”

माझ्या तोंडातून ते इतकं सहज गेलं की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. बायको माझ्याशेजारी उभी होती. तिने ऐकलं. तिने तोंडाजवळ हात नेला, ओ द्यायला. मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. “राहू दे,” मी म्हणालो, “हसतील.” तिने हात सोडवून घेतला आणि ती पाण्याच्या कडेकडेने लांब चालायला लागली.

तिसरा कुकारा आला. तीन कुकारे झाले आणि ओ गेली नाही, हे मी तिथे वाळूत उभा राहून मोजलं. हे मोजणारा त्या किनाऱ्यावर मी एकटाच होतो, वर एक आई. मनात आलं, आता तरी दे. आणि मनात आलं, आता दिली तर मघाशी खोटं बोललो ते उघडं पडेल. मी वाकून एक शिंपला उचलला.

परत वर पाहिलं तेव्हा रेलिंगपाशी कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने जाळ्यांमधून टाळ्यांचा आवाज यायला लागला. टाळ्या आणि मध्येच कुकारा, टाळ्या आणि कुकारा, वळणावळणाने जवळ येत होता. आता कुणी हसत नव्हतं. त्या आवाजात काय होतं ते न सांगताच सगळ्यांना कळलं असावं. आई वाटेच्या तोंडातून बाहेर आली. कासोटा खोचावा तसं लुगडं वर खोचलेलं, हातावर करवंदीच्या काट्यांनी ओरखडे उठलेले, एका पायात चप्पल नव्हती. ती धावत नव्हती, पण चालण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं ते. तिने मला पाहिलं. मग मान वळवून लांबवर सुनेला पाहिलं. मग तिथल्या प्रत्येकाकडे बोट करून तिने माणसं मोजली. सगळी भरली तेव्हा तिचे हात खाली आले.

“ओ का न्हाई दिली रं?” तिने विचारलं. तिला दम लागला होता. “टपरीवरली बाई म्हनाली, हितं बी हाय वाघ. तिचं कुत्रं नेलं मागल्या हप्त्यात. मी तीनदा कुकारा घातला. ओ का न्हाई दिली?”

साहेब हातभर अंतरावर उभे होते. कॅशिअर होता. मी म्हणालो, “ऐकू नाही आलं आई. वारा होता.”

आई माझ्याकडे बघत राहिली. मग साहेबांकडे तिची नजर गेली, मग कॅशिअरकडे. कॅशिअर वाळूत बघत होता.

“हां,” ती म्हणाली. “वारा हाय खरा.”

साहेबांनी आपल्या खांद्यावरची पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले.  मला वाटलं, त्यांनी मला चारचौघांत झापायला हवं होतं. निदान मी कुणावर तरी चिडू शकलो असतो.

एवढं सगळं होईपर्यंत समुद्र आईच्या पाठीमागे होता. ज्याच्यासाठी आली त्याच्याकडे तिने पाहिलंही नव्हतं. मॅडम तिला हाताला धरून पाण्यापर्यंत घेऊन गेल्या. आईने उरलेली चप्पल काढली, पाण्यात हात बुडवून नमस्कार केला आणि घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली. तिच्या हातावरच्या ओरखड्यांना खारं पाणी लागलं असणार, तिने ओठ दाबले. मी जवळ गेलो नाही. बायको परत आली आणि सासूचा दुसरा हात धरून उभी राहिली. त्या तिघींचा फोटो कुणीतरी काढलाय. त्यात मी नाही.

वर चढताना आई सगळ्यांच्या शेवटी चालली. साहेब म्हणाले, “आई, तुम्ही पुढे व्हा.” ती म्हणाली, “न्हाई साहेब, तुमी चला. मला सवय हाय.” त्यांना वाटलं, ती दमली आहे. ती शेवटी का होती ते मला आणि बायकोला माहीत होतं. बिबट्या रांगेतल्या शेवटच्याला उचलतो. मी दोनदा मागे थांबून म्हणालो, “आई, तू पुढं हो, मी ऱ्हातो मागं.” तिने दोन्ही वेळा मला पाठीला हात लावून पुढे लोटलं. टाळ्या वाजवत ती मागून येत राहिली. चप्पल वाटेत सापडली, जाळीत अडकलेली. आईने ती काढून घेतली आणि तशीच अनवाणी चढली.

बसमध्ये मी सीटखालून काठी काढून तिच्या हातात दिली. तिने ती मांडीवर आडवी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवरही घाट संपेपर्यंत घुंगरांवर हात ठेवून बसली, वाजू नयेत म्हणून. कॅशिअर मागून उठून आला आणि म्हणाला, “आजी, वाजू द्या की.” तो मनापासून म्हणाला असावा. आईने हात काढला नाही.

त्यानंतर ऑफिसात चार वाजता चहा येतो, पण बिबट्याची बातमी कुणी विचारत नाही. साहेबांनी एकदाच विचारलं, “आई बऱ्या आहेत ना?” मी म्हणालो, बऱ्या आहेत. बायकोने त्या दिवसाचा विषय आजपर्यंत काढलेला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

गावात आल्यावर शेजारच्या बायका आईभोवती जमल्या. समुद्र कसा व्हता, किती मोठा व्हता. मी ओसरीवर मोजे काढत बसलो होतो. आई म्हणाली, “लई मोठा. पल्याड काठच न्हाई. आन् वारा असा की बाई, मानसाला मानसाची हाक ऐकाय जात न्हाई. मी वरून कुकारं घालत ऱ्हायले. पोराला काय ऐकाय गेलंच न्हाई.” त्या बायकांमध्ये ती दोन मळे पलीकडची सासूही बसली होती. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. मी आत निघून गेलो.

परवा संध्याकाळी उसाला पाणी धरायचं होतं. दिवस मावळायला आला होता. आई काठी घेऊन बांधावर उभी राहिली, मी आत शिरलो. पात्यांनी अंग कापत होतं. पहिल्या सरीला पोचतोय तोवर कुकारा आला. मी ओ दिली. एकदा देऊन थांबलो नाही. गळ्याच्या शिरा ताणून दिली, परत दिली, तिने दुसरा कुकारा घालायच्या आधीच तिसऱ्यांदा दिली. आमच्या मळ्यातली काय, शेजारच्या वस्तीतली कुत्रीही भुंकायला लागली.

बाहेरून घुंगरं एकदा वाजली आणि मग आईचा आवाज आला, हळू, नेहमीच्या बोलण्यातला.

“एवढ्यांदी कशाला वरडतूस? मला ऐकाय येतंय. हितं न्हाई वारा.”